पुणे–जोधपूर थेट विमान: हिवाळ्यात डोळे मिटून जा, एप्रिलचं तिकीट मात्र जपून काढा

आमच्या गटातल्या सर्वांत ज्येष्ठ आजी ८१ वर्षांच्या. दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया झालेल्या. लोहगावला विमानात बसल्यावर त्यांनी पिशवीतून तिळाच्या वड्यांचा डबा काढला, आजूबाजूच्या सहा जणांना एकेक वडी दिली, शाल लपेटली आणि डोळे मिटले. डोळे उघडले तेव्हा विमान जोधपूरला उतरत होतं. "अगंबाई, आलंसुद्धा?" एवढंच म्हणाल्या. गेली १४ वर्षं मी कर्वेनगरातून ज्येष्ठांच्या छोट्या सहली नेते. राजस्थानच्या सहलीत पहिल्याच दिवशी कुणाच्या तोंडून असं वाक्य ऐकल्याचं मला आठवत नाही. एरवी पहिल्या दिवशी ऐकू येतं ते "अजून किती वेळ?"

म्हणून हा अभिप्राय लिहितेय. या जानेवारीत आम्ही १६ जण पुण्याहून जोधपूरला थेट विमानानं गेलो आणि तसेच परत आलो. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे एक तक्रारही आहे आणि मला जे सांगायचंय ते एका कंपनीपुरतं नाही.

आधी विमानाबद्दल. जाताना माणशी ६,२०० रुपये पडले, तेही दोन महिने आधी काढले म्हणून. लोहगावचं नवीन टर्मिनल २०२४ च्या जुलैपासून सुरू झालंय, आणि जुन्या टर्मिनलमधली ती खांद्याला खांदा लावून उभं राहायची वेळ आता येत नाही. मात्र आत चालणं वाढलंय. ज्यांचे पाय दुखतात त्यांनी संकोच न करता तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागावी. आम्ही चार मागितल्या होत्या, चारही वेळेवर आल्या आणि ढकलणारी मुलं आजी-आजोबांशी फार प्रेमानं बोलली. विमान वेळेत सुटलं. जोधपूरला शिडीनं उतरावं लागलं, तिथे एका काकांना दोघांनी हात दिला. दोन्हीकडे हवाई दलाचे तळ आहेत, तेव्हा धावपट्टीच्या परिसरात फोटो काढायचा मोह आवरा. सामान पंधरा मिनिटांत पट्ट्यावर आलं, आणि अकरा वाजता आम्ही हॉटेलच्या अंगणात उन्हाला बसून चहा पीत होतो.

थेट विमानाचं मोल नकाशा उघडला की कळतं. जोधपूर पुण्याच्या जवळजवळ सरळ उत्तरेला आहे. हवाई अंतर साडेआठशे किलोमीटरच्या आसपास. दिल्लीमार्गे गेलं तर आधी साडेअकराशे किलोमीटर वर जायचं आणि मग पावणेपाचशे किलोमीटर नैर्ऋत्येला मागे यायचं, म्हणजे जवळपास दुप्पट हवाई प्रवास. शिवाय मध्ये दिल्ली विमानतळावर थांबणं, आणि डिसेंबर-जानेवारीत तिथलं धुकं. पहिलं विमान धुक्यानं लांबलं की दुसरं हुकतं. ऐंशीच्या माणसाला पहाटे तीनला उठवून दुपारी चारला हॉटेलवर पोचवायचं, म्हणजे त्याचा पुढचा दिवसही गेलाच म्हणून समजा. औषधांच्या वेळा चुकतात, पाय सुजतात, माणूस चिडचिडा होतो आणि मेहरानगडाच्या चढापाशी "तुम्ही जाऊन या, मी खाली बसतो" म्हणतो. इतक्या लांब आणून त्याला खाली बसवायचं, याचं मला फार वाईट वाटतं. यंदा सोळाच्या सोळा जण गडावर आले.

आता तक्रार. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या एप्रिलच्या पहिल्या आठवड्यासाठी, मी जानेवारीतच १२ जणांची याच मार्गावरची थेट तिकिटं काढली होती. तिकीट मिळालं, पीएनआर आला, पैसे गेले. फेब्रुवारीच्या मध्यावर मोबाइलवर दोन ओळींचा मेसेज आला की वेळापत्रकातल्या बदलामुळे विमान रद्द झालंय, पर्याय निवडा. पर्याय काय, तर दिल्लीमार्गे, मध्ये पाच तास वीस मिनिटांचा थांबा. मी ग्राहक सेवेला तीनदा फोन लावला. तिन्ही वेळा "ऑपरेशनल कारण" एवढंच उत्तर. तिकिटाचे पैसे पूर्ण परत मिळाले, पण हॉटेलची आगाऊ रक्कम बुडाली, आणि बारा घरांत फोन करून सहल रद्द झाल्याचं मी एकेकाला सांगितलं. एका काकांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस त्या सहलीत साजरा व्हायचा होता. काकूंनी त्यासाठी नवी पैठणी घेऊन ठेवली होती.

नियमावर बोट ठेवलं तर कंपनी सुटते. विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या डीजीसीएचा नियम असा आहे की विमान रद्द झाल्याचं दोन आठवडे आधी कळवलं, तर पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा द्यायचा, वेगळी नुकसानभरपाई द्यावी लागत नाही. त्यांनी दीड महिना आधी कळवलं होतं.

पण मला चैन पडेना. जे विमान जानेवारीत खचाखच भरून जात होतं ते एप्रिलमध्ये नकोसं का झालं? लक्ष्मी रस्त्यावर तीस वर्षं तिकिटांचा व्यवसाय करणारे एक काका आहेत, त्यांच्याकडे जाऊन बसले. त्यांनी पहिलंच सांगितलं, "ताई, ते विमान पुणे–जोधपूरचं नसतंच. ते फिरतं विमान असतं. कंपनी त्याचे तास विकते."

त्यांनी कागदावर मांडून दाखवलं. जायला पावणेदोन तास, यायला पावणेदोन तास, दोन्हीकडे जमिनीवर अर्धा-पाऊण तास. म्हणजे जोधपूरची एक फेरी विमानाच्या दिवसातले साडेचार-पावणेपाच तास खाते. १८० खुर्च्यांचं विमान रोज गेलं तर दोन्ही बाजू मिळून महिन्याला १०,८०० खुर्च्या भरायच्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी त्या भरतात. आपल्याकडे तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात, आणि जोधपूरच्या राजवाड्यांत आणि हवेल्यांत होणारी लग्नं त्याच दिवसांतली. खिचनला कुरजा पक्षी हिवाळ्यातच, जैसलमेरचे वाळूचे डोंगर हिवाळ्यातच बघण्यासारखे. शिवाय मे महिन्यात तिथे जाणार कोण? त्याच भागातल्या फलोदीत १९ मे २०१६ रोजी ५१ अंश तापमान नोंदलं गेलं होतं.

मी म्हटलं, पण पुण्यात मारवाडी कुटुंबं किती आहेत, ती मे महिन्यात गावी जातातच की! काका म्हणाले, जातात, तीच तर अडचण आहे. मेच्या सुरुवातीला सगळी जातात, तेव्हा विमान जाताना भरलेलं आणि येताना रिकामं. जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी सगळी परततात, तेव्हा त्याच्या उलट. हिवाळ्यातला पर्यटक आठवड्याभरात परत येतो, त्यामुळे दोन्ही बाजूंनी माणसं असतात. कोपऱ्यावरच्या फरसाणवाल्या शेठजींना मी मुद्दाम विचारलं, तर त्यांचं घरही अगदी असंच जातं आणि येतं. विमानाला इंधन मात्र माणसं असोत-नसोत, जवळपास तेवढंच लागतं, आणि कंपन्यांचा सर्वांत मोठा खर्च तोच. आपल्या राज्यानं २०२३ च्या अर्थसंकल्पात पुणे, मुंबई आणि रायगडसाठी विमान इंधनावरचा कर २५ वरून १८ टक्क्यांवर आणला, तरी रिकाम्या खुर्च्यांचा भार काही त्यानं उचलला जात नाही.

त्याच एप्रिल-मेमध्ये श्रीनगर आणि दार्जिलिंगसाठी बागडोगरा यांच्यावर सगळा देश तुटून पडतो. तेच साडेचार तास तिकडे लावले तर जास्त कमाई. जास्तीचं विमान आणून दोन्हीकडे का चालवत नाहीत, हा माझा पुढचा प्रश्न. विमानं आधीच कमी आहेत. २०२३ मध्ये गो फर्स्ट ही विमान कंपनी बंद पडली, आणि इंजिनांच्या दोषामुळे इतर कंपन्यांचीही बरीच विमानं जमिनीवर बसली. लोहगावला तर धावपट्टी एकच, ती हवाई दलाची, आणि नागरी विमानांना ठरावीक वेळाच मिळतात. जोधपूरला दिलेली वेळ म्हणजे दुसऱ्या कुठल्या तरी गावाची न दिलेली वेळ. उन्हाळ्यात जोधपूरला जाणारे जे थोडे असतात, त्यांना कंपनी दिल्लीला नेते. तिथे पुण्याचे वीस, बंगळूरचे तीस, कोलकात्याचे पंचवीस असे गोळा करून एक विमान भरते. छोटं एटीआर का नाही, असं मलाही वाटलं होतं. पण ते पंख्याचं विमान हळू जातं, जवळच्या गावांसाठी ठीक. साडेआठशे किलोमीटरला त्याचे तास फार लागतात.

देशभरातल्या कंपन्यांची वेळापत्रकं वर्षातून दोनदा बदलतात. मार्चच्या शेवटच्या रविवारी उन्हाळी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हिवाळी. २०२५ चं उन्हाळी वेळापत्रक ३० मार्चला सुरू झालं, म्हणजे माझी एप्रिलची तिकिटं नव्या वेळापत्रकातली होती, आणि मी ती काढली तेव्हा ते वेळापत्रक मंजूर व्हायचं होतं. कंपन्या जुनंच वेळापत्रक पुढे ओढून तिकिटं विकत राहतात. मला हे पटत नाही. विमान हिवाळ्यापुरतं चालवा, त्यामागचा हिशेब मला आता समजलाय. जैसलमेरला तर बहुतेक विमानं पर्यटनाच्या हंगामातच येतात, आणि तिथले हॉटेलवाले त्या हिशेबानं वर्ष आखतात. पण तिकीट विकतानाच पडद्यावर ठळक लिहा की या तारखेनंतरचं विमान अजून मंजूर नाही. ती एक ओळ असती तर मी हॉटेलला आगाऊ पैसे भरले नसते, आणि काकूंनी पैठणी घ्यायची घाई केली नसती.

तुम्ही जाणार असाल तर नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत हे विमान नक्की घ्या, गुडघेदुखी असलेल्या माणसाला तर दुसरा विचारही करू देऊ नका. मार्चच्या शेवटच्या रविवारनंतरची तारीख असेल तर तिकीट काढलं तरी हॉटेलचे पैसे अडकवू नका. दिल्लीमार्गे जावंच लागलं तर दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर घ्या. वेगवेगळी स्वस्त तिकिटं जोडली आणि पहिलं लांबलं, तर दुसऱ्याची जबाबदारी कुणीच घेत नाही. आणि आता रेल्वे आहे. आमची एप्रिलची सहल रद्द झाली तेव्हा नव्हती, पण मे २०२५ पासून हडपसरहून जोधपूरला रोजची गाडी सुरू झाली. रात्र गाडीत काढायची तयारी असेल तर उन्हाळ्यात मी तीच सुचवते, खालचा बर्थ मिळाला तर ज्येष्ठांनाही जमते.

विमानाला मी पाचपैकी साडेचार देईन, तिकीट विकण्याच्या पद्धतीला दोन.

त्या काका-काकूंना या जानेवारीच्या सहलीत आग्रहानं नेलं. पन्नासावा उशिरानं का होईना, साजरा झाला. काकूंनी मेहरानगडावर, वरच्या सज्जात, निळ्या घरांकडे पाठ करून ती पैठणी नेसून फोटो काढला. त्यांची बहीण आता विचारतेय पुढच्या सहलीचं. नावं लिहून घेतलीत, नऊ झालीत. तिकिटं हिवाळी वेळापत्रक जाहीर झाल्यावर काढणार आहे.