ट्रक एका बाजूला ओढतोय म्हणून अलाइनमेंटला जाताय? आधी माझं ऐका

ज्यांच्याकडे स्वतःची एक किंवा फार तर दोन गाड्या आहेत त्यांच्यासाठी लिहितोय, मोठ्या ट्रान्सपोर्टवाल्यांकडे घरचे मिस्त्री असतात, त्यांना कोणी असं गंडवत नाही. मी इंदूरचा, लोकमान्य नगरात राहतो, एक सहाचाकी ट्रक आहे, चोइथराम मंडीतून बटाटा लसूण भरून धुळ्याला जातो, येताना जे मिळेल ते. गाडी मी चालवत नाही, ड्रायव्हर काका सेंधव्याचे आहेत, एबी रोडवर, म्हणजे आग्रा-मुंबई हायवेवर, उभा जन्म गेला त्यांचा. हे आधीच सांगून ठेवतो कारण पुढे जो गाढवपणा वाचाल तो सगळा माझा आहे, त्यांचा नाही.

पावसाळ्यात जुलवानियाजवळ डायव्हर्जनवर रात्री पुढचं डावं चाक खड्ड्यात आपटलं. गाडीत माल फुल. दुसऱ्या दिवशी काकांचा फोन, "गाडी बाएं भाग रही है भैया, और ब्रेक मारो तो नीचे से कट्ट बोलती है." सरळ जायचं तर स्टिअरिंग उजवीकडे जरा वळवून धरून ठेवावं लागत होतं. मी यातलं अर्धंच ऐकलं, बाएं भाग रही है एवढंच, आणि डोक्यात लगेच आलं अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवून घेणं. तो कट्ट आवाज माझ्या कानावरून गेला तो गेलाच.

देवास नाक्याकडे एक ठिकाण आहे, नाव लिहीत नाही. काचेची केबिन, आत एसी, मोठा स्क्रीन, चाकांना क्लॅम्प लावून त्यावर चकत्या बसवतात आणि स्क्रीनवरचे लाल पट्टे बघता बघता हिरवे होतात. आपण भुलतो हो. बाहेरच्या काळ्या हाताच्या मिस्त्रीपेक्षा हा हिरवा पट्टा खरा वाटतो. १,२०० रुपये घेतले, कागद छापून दिला, आधीचे आकडे आणि नंतरचे आकडे, स्टिअरिंग एकदम नाकासमोर सरळ. मी खूश.

काका धुळ्याहून आले आणि म्हणाले स्टेरिंग तो सीधा है पर भागती अभी भी है. परत गेलो, परत १,२००, या वेळी म्हणे टायर कापले गेलेत, खराब टायरच गाडीला ओढतो, टायर बदला. यात अगदी खोटं असं काही नव्हतं म्हणूनच मी फसलो. टायर खरंच कापले होते. काकांनी माझा हात धरून टायरवर आडवा फिरवला, बाहेरून आत नेला तर गुळगुळीत आणि आतून बाहेर ओढला तर करवतीसारखा बोटांना अडकत होता. गुळगुळीत एका बाजूने झिजला तर कॅम्बर (उभं चाक वरून आत की बाहेर कललंय) बघायचा, असा करवतीसारखा कापला तर चाकं तिरकी होऊन रस्त्यावर घासत चालली आहेत म्हणजे टो (पुढची दोन्ही चाकं समोरून आत की बाहेर वळलेली आहेत) बघायचा, आणि मध्येमध्ये खळगे पडले असतील तर शॉकअब्सॉर्बर किंवा बेअरिंग किंवा बॅलन्सिंग, हे मला आता पाठ आहे, तेव्हा काही माहीत नव्हतं. पुढचे दोन टायर नवीन घेतले, ३१,००० गेले, आणि जुने दोन त्यांनीच ठेवून घेतले, भंगारात जातील म्हणाले. साधा प्रश्न मला पडला नाही की टायर ज्या कारणाने कापले ते कारण तसंच ठेवून नवे टायर टाकले तर तेही कापलेच जाणार ना.

तिसऱ्या वेळी तर मजाच. गाडी जॅकवर घेतली, पोऱ्याने डावं चाक वरून आणि खालून धरून हलवलं, खटखट हललं. "देखो सेठ, किंगपिन गई." किंगपिन म्हणजे ज्या उभ्या पिनेवर पुढचं चाक डावी-उजवीकडे वळतं ती. डोळ्यांनी दिसतंय म्हटल्यावर मी काय बोलणार. किंगपिन किट आणि मजुरी ९,५००, वर पुन्हा अलाइनमेंट १,२००. संध्याकाळी ये म्हणाले, गेलो तर पुढचा एक्सल काळ्या रंगाने चकाचक रंगवलेला. एकूण हिशोब ४४,१००. आणि ब्रेक मारला की कट्ट आवाज येतोच आहे.

मग आमच्या गल्लीतल्या एकांनी सांगितलं की ट्रान्सपोर्ट नगरात एक कमानीवाले (गाडीखालच्या पाट्यांच्या स्प्रिंगचं काम करणारे) बाबा आहेत, बुऱ्हाणपूरचे, त्यांना एकदा दाखव. मी तिन्ही कागद घेऊन गेलो. बाबांनी कागद हातातही घेतले नाहीत, म्हणाले, "भाऊ, ते घडी करून खिशात ठेव, आधी टेपचं एक टोक धर."

गाडी सपाट जागी, चाकं सरळ. पुढच्या हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) मधल्यापासून मागच्या हबच्या मधल्यापर्यंत टेप लावला. उजवीकडे ४२० सेंटिमीटर. डावीकडे ४१७ ला पण थोडं कमी. परत मोजलं, तेवढंच. मागचा एक्सल तर सरकला नाही ना म्हणून तोही त्याच्या ब्रॅकेटपासून दोन्हीकडे मोजला, तो जागेवर होता. म्हणजे पुढचा एक्सलच डावीकडून जवळपास तीन सेंटिमीटर मागे गेलेला. एक्सल तिरका, मग गाडी त्याच बाजूला पळणारच, ज्या बाजूचं अंतर कमी तिकडे.

मग बाबा खाली घुसले आणि मलाही घुसवलं. बघा, कमानीचे सगळे पाटे मधोमध एका बोल्टने बांधलेले असतात, सेंटर बोल्ट, त्याचं डोकं एक्सलवरच्या खड्ड्यात बसतं आणि तेच एक्सलला जागेवर ठेवतं, यू-बोल्ट नुसते आवळून धरतात. टॉर्च मारला तर पाटे एकावर एक नव्हते, पत्ते पिसून टाकल्यासारखे जरा तिरके पसरलेले, यू-बोल्टजवळ लोखंड घासून चमकत होतं आणि फटीत गंजाची लाल पूड. उघडल्यावर सेंटर बोल्ट दोन तुकडे, आणि मेन पाट्याला भोकापासून तडा गेलेला. यू-बोल्ट आधीपासून सैल असणार, खड्ड्यात सगळा मार त्या एका बोल्टवर आला आणि तो कापला गेला, असं बाबांचं म्हणणं. तेव्हापासून ब्रेक मारला की एक्सल थोडा सरकायचा आणि कट्ट वाजायचं. काका पहिल्या दिवसापासून जे सांगत होते तेच.

आता तो कागद. बाबांनी काम संपल्यावर चष्मा लावून वाचला आणि हसायलाच लागले. त्यावर डाव्या चाकाचा कॅम्बर आधी उणे १.८ आणि नंतर अधिक ०.५ छापला होता. आमच्या गाडीला पुढे अखंड बीम एक्सल आहे, कारसारखं सुटं सस्पेन्शन नाही. अशा एक्सलला कॅम्बर फिरवायला स्क्रूच नसतो, टायरॉडने (पुढची दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांडीने) फक्त टो बदलतो, कॅस्टरसाठी (किंगपिनच्या पुढे-मागे कलासाठी) कमानीखाली पाचर टाकावी लागते, आणि कॅम्बर बदलायचा तर एक्सल प्रेसवर घालून वाकवावा लागतो. चाळीस मिनिटांत चहा पीत बसलो असताना तो आपोआप २.३ डिग्री कसा सुधारला? दुसऱ्याच गाडीचे आकडे असणार, नाहीतर हाताने टाकलेले.

किंगपिनचं तर विचारूच नका. बाबांनी स्क्रू-ड्रायव्हरने वरच्या टोपीवरचा तो नवा काळा रंग खरवडला, खाली सुकलेला चिखल, चिखलाखाली गंज, बोल्टला पाना लागल्याची खूणसुद्धा नाही. म्हणजे पिन कोणी उघडलीच नव्हती. मग चाक तर हललं होतं की? बाबांनी पुन्हा जॅक लावला, चाक हलवलं, हललं, मग काकांना केबिनमध्ये बसवून ब्रेक दाबायला लावला आणि परत हलवलं, एकदम गच्च. ब्रेक दाबल्यावर चाक आणि नकल (किंगपिनवर वळणारा, चाक धरणारा भाग) एक होतात, तरीही हललं तर किंगपिन, आणि हलायचं थांबलं तर बेअरिंग सैल. आमचं बेअरिंग सैल होतं, नट आवळला, नटाची नवी स्प्लिट पिन टाकली, ग्रीस भरलं, संपलं. त्या दिवशी पोऱ्याने ब्रेक दाबायला कोणाला बसवलंच नव्हतं, आणि काका बाजूलाच उभे होते, एक हाक मारायची होती.

मेन पाटा, सेंटर बोल्ट, चार नवे यू-बोल्ट (जुने पुन्हा वापरायचे नाहीत म्हणाले), मजुरी, सगळं ६,८०० मध्ये. वरून ताकीद, माल भरून पहिली फेरी झाली की इथे येऊन यू-बोल्ट परत आवळून घ्यायचे. टो त्यांनी चाकं फिरवून टायरवर खूण करून पुढून मागून टेपनेच मोजून लावला.

तापून त्या एसी केबिनमध्ये गेलो तर मालक म्हणे, "कंप्यूटर झूठ बोलेगा क्या?" जुने किंगपिन दाखव म्हटलं तर कचऱ्यात गेले. जुने टायर मात्र मला दिसले, मागच्या शेडमध्ये भिंतीला उभे, रिमोल्डवाल्याची (जुन्या टायरवर नवं रबर चढवणाऱ्याची) खडूची खूण घातलेले. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला, त्यांचा पहिला प्रश्न बिल आहे का, आणि माझ्याकडे लेटरपॅडवर पेनाने लिहिलेला कच्चा कागद, जीएसटी नंबर नाही, गाडीचा नंबरही नाही. पाचशे-हजार वाचवायला कच्च्यात चालेल असं मीच म्हणालो होतो. खूप आरडाओरडा झाल्यावर किंगपिनचे ९,५०० मिळाले, तेही दोन हप्त्यांत. बाकीचे गेले ते गेले.

एक गोष्ट राहिली. बाबांनी काम केलं त्या संध्याकाळी बायपासवर गाडी काढली, काकांनी स्टिअरिंग सोडलं, गाडी रुळावरून गेल्यासारखी सरळ, ब्रेक मारला तरी आवाज नाही. पण स्टिअरिंग बघतो तर आता डावीकडे वाकडं! मी घाबरलो, म्हटलं झालं, आता हे काय नवीन. काका गाडी चालवता चालवता एवढे हसले. पहिल्याच दिवशी त्या लोकांनी काही न दुरुस्त करता नुसतं स्टिअरिंगचं चाक काढून आट्यांवर (दांड्याच्या टोकाच्या दातांवर) फिरवून सरळ बसवून दिलं होतं, आणि त्याच सरळ स्टिअरिंगवर खूश होऊन मी त्यांना वर पन्नास रुपये चहाला दिले होते. परत ट्रान्सपोर्ट नगरात गेलो, बाबांनी मधला नट खोलला, चाक ओढलं, चार आटे उजवीकडे करून बसवलं. त्याचे पैसे घेतले नाहीत.