ताडोबाचं खोटं परमिट आणि आमचे २५,४०० रुपये

दोन सफारींचे १९,०००, मुलांच्या परवान्याचे म्हणून १,४०० आणि 'परत मिळणारं' डिपॉझिट ५,०००. एकूण २५,४००. नात्यात सगळ्यांना आम्ही 'गेले थोडेफार' असं सांगितलंय, म्हणून खरा आकडा इथे लिहिते.

दिवाळीच्या सुट्टीत समृद्धीवरून नागपूर, तिथून चंद्रपूर, मग मोहर्ली गेट. गाडी आमचीच, सोबत सासूबाई आणि दोन मुलं, एक सहा वर्षांचा, एक तीन. ताडोबात कोअरला, म्हणजे जंगलाच्या आतल्या राखीव भागात, स्वतःची गाडी नेता येत नाही, जिप्सीच घ्यावी लागते आणि सुट्टीतल्या जिप्स्या कधीच्या भरलेल्या असतात. म्हणून सर्च केलं. सगळ्यात वर आलेल्या साइटवर सरकारी बोधचिन्ह, वाघ, गेटांची नावं, सगळं जागच्या जागी. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. साइटवरच्या नंबरावर एक माणूस भेटला. व्हॉट्सअ‍ॅपवर आधारचे फोटो, क्यूआर, 'ताई, रात्री बारापर्यंतच होल्ड करू शकतो'. पैसे भरताना स्क्रीनवर कुठल्याशा बाईचं नाव आलं. 'अकाउंटंट मॅडमचं खातं आहे,' म्हणाला. सरकारी फी कधीच कुणा एका माणसाच्या खात्यात जात नसते, एवढं तरी तुम्ही लक्षात ठेवा.

मी पतसंस्थेत नोकरी करते. काउंटरवर येणाऱ्या प्रत्येकाला ओटीपी देऊ नका म्हणून बजावते. पण इथे ओटीपी कुणी मागितलाच नाही ना!

आता ज्या गोष्टीने माझी झोप उडते ती सांगते. परमिटवर पहिली सफारी सोमवारी दुपारची होती, दुसरी मंगळवारी सकाळची. ताडोबा मंगळवारी बंद असतं. हे मला ठाऊक होतं, मी त्याला विचारलंही. त्याचा व्हॉइस मेसेज आला, 'दिवाळीत व्हीआयपी कोटा चालू ठेवतात ताई, गाइडपण आपलाच आहे.' आणि मला ते पटलं. आपल्याकडे कोट्यातून काय मिळत नाही? रेल्वेचं तिकीट मिळतं, कॉलेजात प्रवेश मिळतो, मग जंगल का नाही? यजमान शेजारीच बसले होते, तेही काही बोलले नाहीत. आता मात्र 'मला तेव्हाच शंका आली होती' असं सगळ्यांना सांगत असतात.

गेटवरच्या मुलाने परमिटचा क्यूआर स्कॅन केला. उघडलं काय, तर वाघाचा फोटो. नुसता फोटो. आम्ही घरी तो स्कॅन करून पाहिलाच नव्हता, तुम्ही पाहा. तो शांतपणे म्हणाला, "हे आमचं नोहे जी. अन् मंगळवारी पार्क बंद राहते, तुमाले माहीत नाही का?" मागे लाइनीतले लोक ऐकत होते. मोठा गळ्यात दुर्बीण अडकवून जिप्सीच्या पायरीवर चढून बसला होता, त्याला उतरवताना त्याने जे भोकाड पसरलं ते सगळ्या पार्किंगने ऐकलं.

तिथल्या ठाण्यात गेलो तर 'पैसे घरून भरले ना, मग तिकडे तक्रार करा.' घरी येऊन ठाण्यात गेलो तर 'गेटवर फसलात ना, मग तिकडचं प्रकरण.' नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, गुन्ह्याची माहिती घ्यावीच लागते. हे मी मोबाइलवर काढून दाखवलं. हवालदाराने वाचलं आणि 'साहेब बंदोबस्तावर आहेत' म्हणून चहा प्यायला निघून गेला. साहेब भेटले तेव्हा म्हणाले, 'शिकलेली माणसं तुम्ही!' बँकेने तर एका ओळीत उत्तर दिलं, व्यवहार ग्राहकाने स्वतः पिन टाकून केलेला आहे. अहो, माहीत आहे आम्हाला! त्या खात्यातून पैसे पुढे कुठे गेले ते विचारतोय, पिनचं कोण बोलतंय? २०२३ मध्ये ताडोबाच्या ऑनलाइन बुकिंगमध्ये १२ कोटींवरच्या अपहाराचं प्रकरण निघालं, तेव्हा सगळ्या यंत्रणा धावल्या होत्या. २५,४०० साठी कागदाला साधा शिक्का मिळवायलासुद्धा वाद घालावा लागला.

१९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन करायचा तो लगेच, पैसे गेल्याच्या पहिल्या काही तासांत. आम्हाला कळेपर्यंत पैसे भरून तीन आठवडे उलटले होते. यूटीआर नंबरचे (पैसे पाठवल्यावर येणारा व्यवहार क्रमांक) स्क्रीनशॉट जपून ठेवा, चॅट डिलीट करू नका (यजमानांनी संतापून अर्धं केलं). परमिटवर गाइडचं नाव आधीच कुणी सांगत असेल तर तिथेच थांबा, गाड्या आणि गाइड गेटवर नंबराने लागतात. आणि बुकिंग भरलेलं दिसलं तर भरलेलंच समजा.

परवा दिराला त्या नंबरवर नाताळचा दर विचारायला लावला. जिप्सी १०,५००, 'दोनच शिल्लक.' आमच्या तक्रारीत हाच नंबर पहिल्या ओळीत लिहिलेला आहे.