पर्सिड्स की जेमिनिड्स: जागरण एकाच रात्रीचं जमणार असेल तर

वर्षातले बाकीचे उल्कावर्षाव इथे बाजूला ठेवतो. जानेवारीतल्या क्वाड्रंटिड्सचा जोर जेमतेम काही तास टिकतो आणि ते तास आपल्याकडे भर दिवसाही येऊ शकतात. एप्रिलचे लिरिड्स तुरळक, आणि लिओनिड्सची खरी बरसात साधारण ३३ वर्षांनी. उरतात दोन: १२-१३ ऑगस्टचे पर्सिड्स आणि १३-१४ डिसेंबरचे जेमिनिड्स.

कागदावर पर्सिड्सच्या ताशी १०० उल्का, जेमिनिड्सच्या ताशी १५०. हे आकडे उगमबिंदू (उल्का आकाशात जिथून फुटल्यासारख्या वाटतात ती जागा) थेट डोक्यावर आणि ६.५ प्रतीपर्यंतचे, म्हणजे नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारे, तारे दिसताहेत असं धरून काढलेले असतात. उगमबिंदू क्षितिजापासून ३० अंशांवर असेल तर संख्या निम्म्यावर येते.

पर्सिड्सची कटकट नेमकी इथेच आहे. त्यांचा उगमबिंदू ययाती तारकासमूहात, शर्मिष्ठा तारकासमूहाच्या खालच्या अंगाला. २० अंश उत्तर अक्षांशावरून तो मध्यरात्री जेमतेम १९ अंशांवर असतो, तीनच्या सुमारास ४२ वर येतो आणि सर्वांत उंच होईपर्यंत उजाडायला लागतं. म्हणजे रात्री दहाला सतरंजी टाकून बसलेली मंडळी बारापर्यंत कंटाळतात आणि रंगत यायच्या वेळी पेंगतात. जेमिनिड्सचा उगमबिंदू मिथुन राशीतल्या कॅस्टर ताऱ्याजवळ. त्याच अक्षांशावर तो रात्री दहालाच ३५ अंशांवर असतो आणि दोनला ७७ वर. लहान मुलं बरोबर असतील तर मला हा एकच मुद्दा पुरेसा वाटतो. दक्षिणेकडे गेलात तर फरक आणखी वाढतो: ३५ अंश दक्षिणेला पर्सिड्सचा उगमबिंदू उगवतच नाही, जेमिनिड्सचा निदान २२ अंशांपर्यंत चढतो.

पर्सिड्सच्या बाजूनेही बोलायला हवं. स्विफ्ट-टटल धूमकेतूचे हे कण सेकंदाला ५९ किलोमीटर वेगाने येतात, त्यामुळे तेजस्वी उल्केमागे धुरकट रेघ काही क्षण रेंगाळते. जेमिनिड्समध्ये ती क्वचितच दिसते. शिवाय डिसेंबरात उत्तरेकडे कडाक्याची थंडी. पातळ चटईवर पाठ टेकली की तासाभरात हुडहुडी भरते. अंगावर पांघरुणं कितीही घ्या, खाली जाड फोम हवाच.

फोटो काढायचे असतील तर माझं झुकतं माप जेमिनिड्सलाच. फेथॉन या लघुग्रहाचे हे कण सेकंदाला ३५ किलोमीटरने येतात. उल्का संथ असल्याने सेन्सरच्या प्रत्येक बिंदूवर जास्त वेळ रेंगाळते आणि तितक्याच तेजाची उल्का फोटोत जास्त उठून दिसते. १४ ते २४ मिमी लेन्स, एफ/२.८, आयएसओ ३२००, १५ ते २० सेकंद. फोकस ठळक ताऱ्यावर हाताने लावा आणि ऑटोफोकस बंद करून टाका. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शनही बंद करा, नाहीतर प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ आंधळा राहतो आणि निम्म्या उल्का हुकतात. लेन्सवर दव धरतं. हीटरची पट्टी सुरुवातीपासूनच गुंडाळून ठेवा, काच धुरकटल्यावर नव्हे.

चंद्राचा हिशोब सोपा आहे. एकाच वर्षी ऑगस्टच्या रात्री जी तिथी असेल, तिच्यापुढे साधारण पाच तिथी डिसेंबरात असतात. शुद्ध पक्षातला चंद्र आधी मावळतो, तो पर्सिड्सना चालतो. कृष्ण अष्टमीनंतरचा चंद्र मध्यरात्र उलटल्यावर उगवतो. तो पर्सिड्सचे नेमके चांगले तास खातो, जेमिनिड्सना मात्र दहा ते बारा मोकळे ठेवतो.

२०२६ मध्ये ऑगस्टला अमावस्या आणि डिसेंबरला पंचमीच्या आसपासची कोर, म्हणजे दोन्ही रात्री उत्तम. तेव्हा मी तरी डिसेंबरच निवडेन. २०२७ मध्ये १३ डिसेंबरलाच पौर्णिमा आहे. त्या वर्षी पर्सिड्स पाहा, पण गजर दोनचा लावा. २० अंश उत्तरेला चंद्र त्याच सुमारास मावळतो आणि पुढचे दोन तास काळोख मिळतो.