थॅचर की रेगन : प्रबंधिकेसाठी कोणाची निवड करावी?

परंपरावादी नेत्याच्या सामाजिक, आर्थिक आणि सुरक्षाविषयक भूमिकांवर प्रबंधिका लिहायची ठरली, की मार्गारेट थॅचर (ब्रिटनच्या पंतप्रधान, १९७९ ते १९९०) आणि रोनाल्ड रेगन (अमेरिकेचे अध्यक्ष, १९८१ ते १९८९) ही दोन नावे हमखास पुढे येतात. दोघांची मैत्री सर्वश्रुत असल्यामुळे कोणालाही निवडले तरी निष्कर्ष तोच निघेल, असा समज होतो. भाषणे वाचली तर तो खराही वाटतो. परंतु संसदेतील मतदान, अंदाजपत्रके आणि सह्या केलेले कायदे समोर ठेवले, की दोघांमधले अंतर दिसू लागते. आपल्याकडे अशा नेत्यांना सरसकट ‘पुराणमतवादी’ म्हटले जाते. सरकारी दूरध्वनी, गॅस आणि विमान कंपन्यांचे समभाग बाजारात आणून युद्धोत्तर ब्रिटनची घडीच बदलणाऱ्या थॅचर यांना तो शब्द कितपत शोभतो, याचा विचार विषय निवडण्याआधीच केलेला बरा.

सामाजिक प्रश्नांवर दोघांच्याही नोंदी अपेक्षेपेक्षा गुंतागुंतीच्या आहेत. खासदार असताना थॅचर यांनी पुरुषांमधील समलैंगिक संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळण्याच्या बाजूने आणि गर्भपाताला कायदेशीर मान्यता देणाऱ्या विधेयकाच्या बाजूने मत दिले. घटस्फोट सुलभ करण्यास मात्र त्यांचा विरोध होता आणि फाशीची शिक्षा असावी, हे मत त्यांनी कधी सोडले नाही. पुढे त्यांच्याच सरकारच्या काळात, १९८८ मध्ये, स्थानिक संस्थांनी समलैंगिकतेचा पुरस्कार करू नये असे बंधन घालणारे ‘कलम २८’ आले. रेगन यांचा प्रवास याहून नाट्यपूर्ण आहे. कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर म्हणून त्यांनी १९६७ मध्ये गर्भपाताच्या अटी शिथिल करणाऱ्या आणि १९६९ मध्ये दोष सिद्ध न करता घटस्फोट देणाऱ्या कायद्यावर सही केली. समलैंगिक शिक्षकांना शाळांतून काढण्याची तरतूद असलेल्या १९७८ च्या प्रस्तावाला त्यांनी जाहीर विरोधही केला. अध्यक्ष म्हणून मात्र ते गर्भपातविरोधी चळवळीचे आणि शाळांतील प्रार्थनेचे उघड समर्थक होते. प्रार्थनेसाठीची घटनादुरुस्ती १९८४ मध्ये सिनेटमध्ये अडली आणि गर्भपातबंदीही प्रत्यक्षात आली नाही. धार्मिक मतदार एखाद्या पक्षाशी कसा जोडला जातो आणि त्याला प्रत्यक्षात किती मिळते, हा प्रश्न ज्याला खुणावतो त्याने रेगन घ्यावेत. थॅचर यांच्या कारकिर्दीत या प्रश्नाला तेवढे वजन नाही.

आर्थिक धोरणात खरी तुलना आहे आणि माझ्या मते निवडीचा निर्णय इथेच व्हावा. कमाल प्राप्तिकर दोघांनीही झपाट्याने उतरवला : ब्रिटनमध्ये कमावलेल्या उत्पन्नावरचा ८३ टक्के दर आधी ६० आणि १९८८ मध्ये ४० टक्क्यांवर आला; अमेरिकेत ७० टक्क्यांचा दर आधी ५० आणि १९८६ च्या कायद्याने २८ टक्क्यांवर आणण्याचे ठरले. एवढ्यावर थांबणारा अभ्यासक फसतो. थॅचर यांनी १९७९ मध्ये प्राप्तिकर कमी करतानाच मूल्यवर्धित कर १५ टक्क्यांवर नेला आणि १९८१ मध्ये, ऐन मंदीत, तूट आटोक्यात ठेवण्यासाठी करवाढ करणारे अंदाजपत्रक मांडू दिले. त्याविरुद्ध ३६४ अर्थतज्ज्ञांनी जाहीर पत्र लिहिले. त्यांच्यापुढचा क्रम आधी चलनवाढ, मग तूट आणि सवड झाल्यावर करकपात असा होता. त्याची किंमत तीस लाखांवर गेलेल्या बेरोजगारांनी मोजली. रेगन यांनी करकपात आधी केली, संरक्षण खर्च वाढवला आणि तुटीचे ओझे कर्जावर टाकले. त्यांच्या कारकिर्दीत संघराज्याचे कर्ज सुमारे एक लाख कोटी डॉलरवरून अडीच लाख कोटींच्या पुढे गेले. १९८२ मध्ये त्यांनी करवाढीवर सही केली आणि १९८३ मध्ये निवृत्तिवेतनाचे वय टप्प्याटप्प्याने ६७ पर्यंत नेणारी तडजोड स्वीकारली, ही बाब त्यांचे चाहते सहसा सांगत नाहीत.

इथे एक सावधगिरी हवी. थॅचर यांच्यामागे संसदेत बहुमत होते, त्यामुळे १९८४-८५ चा खाण कामगारांचा संप मोडून काढण्याचे श्रेय आणि डोईपट्टीसारख्या (प्रत्येक प्रौढावर माणशी आकारल्या जाणाऱ्या स्थानिक करासारख्या) फसलेल्या कराचा दोष, दोन्ही त्यांच्याच खात्यावर टाकता येतात. रेगन यांच्या संपूर्ण कारकिर्दीत प्रतिनिधिगृह (अमेरिकी संसदेचे कनिष्ठ सभागृह) विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाच्या ताब्यात होते. संपावर गेलेल्या अकरा हजारांहून अधिक हवाई वाहतूक नियंत्रकांना १९८१ मध्ये बडतर्फ करण्याचा निर्णय निखालस त्यांचा. अंदाजपत्रकातील तूट मात्र त्यांची किती आणि काँग्रेसची, म्हणजे अमेरिकी संसदेची, किती, हे वेगळे काढताना अभ्यासकाची बरीच पाने खर्ची पडतात. धोरणाचा विचार आणि त्याचा परिणाम यांची साखळी कमी शब्दांत दाखवायची असेल, तर थॅचर हा विषय अधिक नेटका आहे. मुदत कमी असलेल्या विद्यार्थ्याला मी तोच सुचवीन.

सुरक्षेच्या बाबतीत मात्र एकालाच निवडण्याचा हट्ट सोडलेला बरा, कारण इथे एकाची भूमिका दुसऱ्याच्या विरोधातूनच उलगडते. सोव्हिएत संघाविषयीची कठोर भाषा, पश्चिम युरोपातील नवी अमेरिकी क्षेपणास्त्रे आणि १९८६ मध्ये लिबियावरील हल्ल्यासाठी ब्रिटिश तळांचा वापर यांत दोघे एकत्र होते. तरीही ऑक्टोबर १९८३ मध्ये रेगन यांनी कॅरिबियन समुद्रातील ग्रेनाडावर सैन्य उतरवले, तेव्हा राष्ट्रकुलातील, ब्रिटनचीच राणी राष्ट्रप्रमुख असलेल्या त्या बेटावरील कारवाईला थॅचर यांचा विरोध होता आणि तो डावलला गेला. याच थॅचर यांनी दीड वर्षापूर्वी दक्षिण अटलांटिकमधील ब्रिटिश फॉकलंड बेटांसाठी आठ हजार मैलांवर आरमार पाठवले होते. तेथे अर्जेंटिनाचे आक्रमण झाले होते, हा फरक त्यांच्या दृष्टीने निर्णायक होता. दुसरा प्रसंग ऑक्टोबर १९८६ चा. आइसलँडच्या रेक्याविकमध्ये रेगन आणि सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह सर्व अण्वस्त्रे नष्ट करण्याच्या गोष्टी बोलू लागले आणि बोलणी केवळ रेगन यांच्या अंतराळ संरक्षण योजनेवरून (क्षेपणास्त्रे वाटेतच पाडण्याच्या बेतावरून) फिसकटली. अण्वस्त्रांच्या धाकामुळेच युरोपात शांतता टिकली असे मानणाऱ्या थॅचर यांना तो मोठा धक्का होता; पुढच्याच महिन्यात त्या रेगन यांना भेटायला कॅम्प डेव्हिडला (अमेरिकी अध्यक्षांच्या विश्रामस्थानी) जाऊन पोहोचल्या. अण्वस्त्रमुक्त जगाचे स्वप्न या जोडीतील रेगन यांनी पाहिले आणि अण्वस्त्रांची पाठराखण थॅचर यांनी केली. त्यामुळे सुरक्षेवर लिहिणाऱ्याने सुरुवात रेक्याविकपासून करावी आणि तेथून मागे ग्रेनाडाकडे, पुढे डिसेंबर १९८७ च्या मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांच्या अमेरिका-सोव्हिएत कराराकडे जावे.