लाल रंगाखाली पाण्याचा सेन्सर: विमानाच्या इंजिन मॉनिटरच्या किटमध्ये झालेली फसवणूक

रोटॅक्स ९१२ इंजिनाच्या दोन सीटच्या मायक्रोलाइटसाठी (अगदी हलक्या विमानासाठी) घरी इंधन व इंजिन मॉनिटर जुळवायचा म्हणून मागवलेलं किट असं होतं: सिलिंडर हेडचे चार आणि एक्झॉस्टचे चार तापमानाचे प्रोब, इंधनाचा फ्लो सेन्सर, तेलाच्या दाबाचा सेन्सर, कंट्रोलर बोर्ड, स्क्रीन आणि वायरिंग. सगळं मिळून २४,५०० रुपये. सोल्डर, मल्टिमीटर नवी पेठेत मिळतं, पण विमानाचा फ्लो सेन्सर तिथं मागून मिळत नाही. सोलापुरात बसून तो ऑनलाइनच मागवावा लागतो, आणि गाठतात ते तिथंच.

किमतीनंच कान टवकारायला हवे होते. जाहिरातीत ज्या लाल चौकोनी धातूच्या सेन्सरचा फोटो होता, तो अस्सल एकटाच वीस हजारांच्या घरात जातो. पार्सलमधून निघाला तो लाल रंगवलेला, नायलॉनचा. विचारल्यावर उत्तर आलं, "वजन कमी व्हावं म्हणून नवीन मॉडेल काढलंय, सर." थिनरमध्ये बुडवलेला कापूस फिरवला तर कापूस लाल झाला, खाली काळं प्लास्टिक आणि प्रवाहाची दिशा दाखवणारा बाण उघडा पडला. हा वायएफ-एस२०१, म्हणजे पाण्याच्या लाइनवर बसवतात तो काही शे रुपयांचा सेन्सर.

रंगापेक्षा घात आहे तो आकड्यांत. अस्सल सेन्सर एका अमेरिकन गॅलनला ६८,००० पल्स (विजेचे ठोके) देतो, म्हणजे लिटरला सुमारे १७,९६५. पाण्याचा सेन्सर लिटरला ४५० देतो, तेही मिनिटाला १ ते ३० लिटर प्रवाह असेल तर. हे इंजिन क्रूझला, म्हणजे एका वेगानं सरळ उडताना, तासाला साधारण १८ लिटर पितं, म्हणजे मिनिटाला जेमतेम ३०० मिली. एवढ्याशा धारेला आतलं चाक हलतच नाही. विक्रेत्याच्या व्हिडिओत नळ पूर्ण सोडलेला होता, तेव्हा स्क्रीनवर आकडा अगदी झोकात फिरत होता.

तपासायची रीत सोपी आहे. बाटलीला नळी लावा, नळीवर छोटा कॉक बसवा आणि १ लिटर पाणी बरोबर २०० सेकंदांत सेन्सरमधून जाईल अशी धार धरा. हाच तासाला १८ लिटरचा वेग. पल्स अर्डुइनोवर, म्हणजे छोट्या प्रोग्रामेबल बोर्डवर, मोजा. अस्सल सेन्सर इथं सेकंदाला सुमारे ९० पल्स देईल. या किटच्या सेन्सरनं शून्य दिले, आणि कॉक पूर्ण उघडल्यावर लिटरला ४४० च्या आसपास. चाचणी पाण्यावरच करा, मग सेन्सर पूर्ण वाळवा; शेवटचं कॅलिब्रेशन मात्र प्रत्यक्ष इंधनावर. आणखी एक: कार्बोरेटरच्या ९१२ ला टाकीकडे जाणारी रिटर्न लाइन असते. तिच्या फाट्याआधी एकच सेन्सर बसवला तर परत जाणारं पेट्रोलही खर्चात धरलं जातं. किटच्या आकृतीत ही लाइनच नव्हती. आकृती काढणाऱ्यानं हे इंजिन कधी जवळून पाहिलं नसावं.

प्रोबची लबाडी जास्त मुरलेली. प्रोब खरेच के टाइपचे थर्मोकपल, म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या तारांचे तापमापक, निघाले. चुंबक लावून पाहा: के टाइपची ऋण तार हलकी चिकटते, धन तार चिकटत नाही. खोट होती प्रोबपासून बोर्डपर्यंत जाणाऱ्या एक्स्टेन्शन वायरमध्ये. वरून आवरण पिवळं-लाल, अगदी के टाइपसारखं. ब्लेडनं सोललं तर दोन्हीकडे तांबंच. अशा वायरीनं थर्मोकपलचा थंड सांधा, म्हणजे ज्या टोकाच्या तापमानाच्या आधारानं आकडा काढला जातो ते टोक, बोर्डवर न राहता काउलिंगमधल्या (इंजिनावरच्या आवरणातल्या) जोडावर सरकतो. बोर्ड ४० अंशांवर आणि जोड ७० वर असेल, तर आकडा ३० अंशांनी कमी येतो. हेड १४० ला पोचलेलं असताना स्क्रीन ११० दाखवणार.

उकळत्या पाण्यानं हे पकडता येत नाही, कारण टेबलावर जोड आणि बोर्ड दोन्ही एकाच तापमानाला असतात. विक्रेत्यानं नेमकी तीच चाचणी करून दाखवली होती. त्यातही गंमत बघा: सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४६० मीटर उंच, त्यामुळे इथं पाणी साधारण ९८.५ अंशांना उकळतं. इथं कुणी चोख १०० दाखवत असेल तर तो आकडा कुठून आला ते विचारा. प्रोब उकळत्या पाण्यात ठेवा आणि फक्त एक्स्टेन्शनच्या जोडावर हेअर ड्रायर धरा. वायर खरी असेल तर आकडा हलत नाही. तांब्याची असेल तर जोड तापेल तसा खाली घसरतो.

थर्मोकपल वाचणारी चिपही बदललेली होती. पावतीवर मॅक्स ३१८५५, बोर्डवर जुनी मॅक्स ६६७५. ३१८५५ आपलं स्वतःचं तापमानही कळवते, चिपवर बोट टेकवलं की ते चढतं. ६६७५ मध्ये ती सोयच नाही. यानं विमान पडणार नाही, पण प्रोग्राममधल्या खोटीनं पडू शकतं. चालू मॉनिटरवरून प्रोबची तार ओढून काढा. स्क्रीनवर लगेच रेघा किंवा 'फॉल्ट' यायला हवं. तार तुटल्याची खूण चिपनं पाठवली तरी हा प्रोग्राम ती गिळून शेवटचा आकडा दाखवत राही. तार टेबलावर पडलेली आणि स्क्रीनवर वीस मिनिटं ११२ अंश! तेलाच्या दाबाचा सेन्सर तेवढा धड निघाला.

मॉनिटर खरा असला तरी मूळ गेज काढू नका, आणि नोंदणी झालेल्या विमानात डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) मंजुरीशिवाय काही बसवू नका.

पैसे यूपीआयवरून एका व्यक्तीच्या खात्यात गेले, तेही दोन हप्त्यांत. पत्ता पुण्याचा, पण पावतीवरचा जीएसटी क्रमांक २९ नं सुरू होणारा. महाराष्ट्राचा कोड २७, कर्नाटकचा २९. क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर टाकून नाव जुळतं का हे पैसे देण्याआधी पाहायचं असतं, इथं ते पार्सल आल्यावर पाहिलं गेलं. "पॅकिंग फोडलं, आता परत नाही," एवढं सांगून त्यानं नंबर ब्लॉक केला. अशा वेळी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. २०१९ च्या कायद्यानं तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगातही करता येते, पुण्याला हेलपाटे घालायची गरज नाही, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. पार्सल उघडतानाचा सलग व्हिडिओ, पावती, चॅट आणि माल जपून ठेवा. सेन्सर, सोललेली वायर आणि तो लाल झालेला कापूस, तिन्ही एकाच पिशवीत सील करून ठेवलेत.