टफबुकवर विंडोज टाकून घेतलं आणि सात वर्षांचं काम गेलं

१४,३४९ रुपये. आकडा आधीच सांगतो, कारण दोन महिने तो मी घरातसुद्धा पूर्ण सांगितला नव्हता. बायकोला "पाचेक हजार गेले" एवढंच माहीत होतं. तेवीस वर्षं वजनकाट्यांची कामं करतोय, मशीन उघडून दुरुस्त करणं हेच माझं पोट, आणि पंचविशीतल्या एका पोराने मला मशीनच्याच बाबतीत लुबाडलं. लाज वाटते. तरी लिहितोय, कारण तो अजून भांडुप-मुलुंडमध्ये घरोघरी फिरत असणार.

माझ्याकडे पॅनासॉनिकचं टफबुक आहे, म्हणजे दणकट बांधणीचा लॅपटॉप, सीएफ ३१, दुसऱ्या पिढीचा आय फाइव्ह प्रोसेसर. २०१८ मध्ये वापरलेलंच ३४,००० ला घेतलं होतं. एवढं जड धूड कशाला वागवतोस, असं सगळे विचारतात. भिवंडीच्या गोदामात नाहीतर उरणच्या यार्डात, ट्रकच्या काट्याच्या खड्ड्याशेजारी धुळीत-पावसात बसायचं तर साधा लॅपटॉप एक पावसाळा काढत नाही. शिवाय याला खरा सिरियल पोर्ट आहे. इंडिकेटरशी, म्हणजे काट्याचा आकडा दाखवणाऱ्या डब्याशी, या पोर्टच्या आरएस २३२ पद्धतीने बोलायचं तर बाजारातल्या स्वस्त यूएसबी केबली ऐन वेळी दगा देतात. आत नकली चिप निघाली की लॅपटॉपमधलं ड्रायव्हर सॉफ्टवेअर तिला नाकारतं आणि ट्रकांची रांग आपल्याकडे बघत उभी राहते.

नोव्हेंबरमध्ये ते सुरू होताना अडकायला लागलं. ठिपके गोल फिरायचे, काळा पडदा, पुन्हा रीस्टार्ट. दोन दिवसांनी उरणला एका काट्याची वार्षिक पडताळणी आणि मुद्रांकन होतं, वैधमापनचे, म्हणजे वजनमापं तपासणाऱ्या सरकारी खात्याचे, निरीक्षक यायचे होते. तारीख हुकली तर गिऱ्हाईकाचा काटा बंद. ही घाई समजून घ्या. एरवी मी लॅमिंग्टन रोडला माझ्या नेहमीच्या दुकानात गेलो असतो, तिथे पंधरा वर्षांची ओळख आहे, बिल मिळतं. त्या दिवशी नेटवर "घरी येऊन विंडोज" शोधलं आणि पहिला दिसलेला नंबर लावला. पहिला दिसलेला नंबर म्हणजे पैसे भरून वर चढवलेली जाहिरात असते, हे मलाही माहीत होतं.

संध्याकाळी त्यांचा मुलगा आला, विंडोज टाकणारा. स्वच्छ मराठी, "काका, काकू", चहासुद्धा घेतला. भेटीचे ३५० घेतले. मग म्हणाला, "काका, विंडोज दहा बंद झालंय १४ ऑक्टोबरपासून. यावर बँकेचं काही उघडलंत तर खातं साफ होईल. अकरा टाकून देतो. ओरिजिनल, लाइफटाइम."

इथे मी त्याला दाराबाहेर काढायला हवा होता. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते, माझं मशीन दुसऱ्या पिढीचं. ही गोष्ट मी स्वतः साइटवरच्या दोन मुलांना समजावून सांगितली आहे. तारीख त्याची खरी होती, १४ ऑक्टोबर २०२५ ला दहाचा सपोर्ट संपला. पण सपोर्ट संपला म्हणजे मशीन बंद पडत नाही, फक्त फुकटचे सुरक्षा अपडेट थांबतात, आणि घरगुती वापरासाठी नाव नोंदवलं की १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत तेही मिळतात. खऱ्या तारखेला त्याने खोटी भीती चिकटवली आणि मी मान डोलावली.

पण त्याहून मोठी चूक पुढची. ती आठवली की अजून झोप उडते.

टफबुकची हार्ड डिस्क काढायला स्क्रू लागत नाही. बाजूचं झाकण उघडायचं, खटका सरकवायचा, पट्टी ओढायची, डिस्क डब्यासकट हातात येते. मी ते शंभर वेळा केलंय. मुलगा लॅपटॉप बॅगेत घालायला लागला तेव्हा मी झाकण उघडलं होतं. अंगठा खटक्यावर होता. "डिस्क काढून ठेवतो, माझा डेटा आहे," असं म्हणालोही. तो हसून म्हणाला, "काका, मग विंडोज टाकू कशावर? डेटाची कॉपी काढूनच काम सुरू करतो." आणि मी झाकण लावलं. त्या डिस्कवर सात वर्षांत केलेल्या प्रत्येक काट्याचं कॅलिब्रेशन होतं, कुठल्या कोपऱ्यातल्या लोड सेलला, म्हणजे वजन मोजणाऱ्या सेन्सरला, किती सुधारणा दिली ते. अंगठा अर्धा इंच सरकवायचा होता. दुसरी कुठलीही डिस्क देऊन विंडोज टाकून घेता आलं असतं.

लॅपटॉप घराबाहेर पाठवायचा असेल तर डिस्क घरात ठेवा. समोरचा नको म्हणाला तर लॅपटॉपही देऊ नका.

दुसऱ्या दिवशी फोन. लायसन्सचे २,४९९ पाठवा. पाठवले. क्यूआर स्कॅन केल्यावर नाव भलत्याच बाईचं आलं. विचारलं तर "मावशीचं खातं आहे." पैसे घेणाऱ्याचं नाव जुळत नसेल तर पिन टाकायचा नाही, हे मी आईला शिकवलंय. दुपारी परत फोन, डिस्क मेली, एसएसडी टाकावी लागेल, ३,८००. रात्री लॅपटॉप आणून दिला आणि "रग्ड मशीनचा स्पेशल ड्रायव्हर पॅक" म्हणून आणखी १,२०० घेतले. हे ड्रायव्हर कंपनीच्या साइटवर फुकट मिळतात. खालच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल नंबर घालायचा, सीएफ ३१ एवढ्यावर भागत नाही, कारण त्याच नावाच्या बऱ्याच पिढ्या आहेत. आणि अकरा? "काका, अकरा घेत नाही हे मशीन, दहाच टाकलं, पण ओरिजिनल." जुनी डिस्क मागितली. "डेड होती, टाकून दिली." त्या क्षणी मी त्याची कॉलर धरायला हवी होती. सकाळी साडेसहाला उरणला निघायचं होतं. ते काम मी दुसऱ्याचा लॅपटॉप मागून आणून केलं, कारण याच्यात आता काट्याचं सॉफ्टवेअरच नव्हतं.

रविवारी शांतपणे तपासलं. रॅम ८ जीबीची ४ झालेली, एक पट्टी गायब. एसएसडी १२८ जीबीची, माझी डिस्क ५०० ची होती. कमांडच्या खिडकीत एसएलएमजीआर, एक जागा सोडून स्लॅश एक्सपीआर टाइप केलं, तर ॲक्टिव्हेशन साधारण १८० दिवसांनी संपणार अशी तारीख आली. म्हणजे कंपन्यांच्या सर्व्हरचं सोंग करणारा क्रॅक, चोरीचं विंडोज. ज्यांनी कोणाकडून "ओरिजिनल" टाकून घेतलंय त्यांनी आजच ही कमांड मारून बघा. कायमचं असेल तर तारीख येत नाही.

नवीन पेनड्राइव्ह बनवून स्वतःच विंडोज टाकायला बसलो. ८ जीबीची पेनड्राइव्ह आणि मायक्रोसॉफ्टचं फुकटचं टूल, आणखी काही लागत नाही. एफ टू दाबलं तर बायोसने, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगने, सुपरवायझर पासवर्ड मागितला. मी तो कधीच ठेवला नव्हता. मशीन आधी कशावरून सुरू व्हायचं तो बूटचा क्रम बदलता येईना, पेनड्राइव्ह उचलेना. टफबुकचा हा पासवर्ड साध्या मशीनसारखा आतला सेल काढून जात नाही. त्याला फोन केला. "अनलॉकचे ६,५०० होतील काका, मदरबोर्डचं काम आहे." दिले. हो, दिले. सात वर्षांचा डेटा त्याच्याकडेच असणार, त्याला दुखवलं तर तो कायमचा जाईल, असं वाटत होतं. आलेला पासवर्ड चालला नाही. आणखी ४,००० मागितले, ते दिले नाहीत. तेव्हापासून फोन बंद.

त्याने दिलेला पत्ता लॅमिंग्टन रोडजवळच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरचा. गेलो. शेजारचा गाळेवाला म्हणाला, "येऊन बसायचा कधीकधी."

पोलीस ठाण्यात पहिलाच प्रश्न, "लॅपटॉप तुम्ही स्वतः दिलात ना? मग चोरी कुठली? दिवाणी मामला आहे." मी म्हटलं, साहेब, चोरी नाही म्हणत, फसवणूक म्हणतोय, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. तर म्हणे गाळा दुसऱ्या हद्दीत, तिकडे जा. तिकडे गेलो तर पैसे भांडुपहून पाठवलेत, तिकडे जा. चार खेपा, प्रत्येक खेपेला कामाचा दिवस बुडाला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट आहे की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यायची. ते मी छापून नेलं होतं. टेबलावरच्या माणसाने कागद न वाचता परत सरकवला आणि "अर्ज देऊन जा" म्हणाला. अर्जाच्या प्रतीवर शिक्का मिळवायला दीड तास उभा होतो. त्या दीड तासात माझ्यासमोर तिघांना असंच "हद्द नाही" सांगून परत पाठवलं, त्यात एक सत्तरीच्या आजी होत्या. बँकेचं एका ओळीचं उत्तर, पिन ग्राहकाने स्वतः टाकलेला असल्याने व्यवहार अधिकृत. मग त्या मावशीच्या खात्याची चौकशी करायची कोणी? तो नंबर तर तुमच्याच पडद्यावर आहे!

पैसे गेल्याच्या तासाभरात १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा. मी अकराव्या दिवशी केला, तोवर खात्यात काही उरलं नव्हतं. ठाण्यात नोंद घेत नसतील तर त्याच कलम १७३ च्या पोटकलम ४ खाली लेखी तक्रार वरिष्ठांना पोस्टाने पाठवता येते. मी परिमंडळाच्या उपायुक्तांना रजिस्टरने पाठवली आहे, पोच आली आहे.

शेवटी मार्ग काढला तो भिवंडीच्या काट्यावरच्या ऑपरेटर पोराने. खटका सरकवून एसएसडी काढली, त्याच्या लॅपटॉपला जोडून तिच्यावर साधं दहा टाकलं, परत टफबुकमध्ये बसवली. नेट लागताच ते आपोआप ॲक्टिव्ह झालं. २०१९ मध्ये मी याच मशीनवर सातवरून दहावर गेलो होतो, ते लायसन्स मदरबोर्डशी बांधलेलं असतं, वेगळी लायसन्स-की लागतच नाही. २,४९९ कशाचे गेले? कशाचेच नाही. ६,५०० सुद्धा नाही. बायोसचा पासवर्ड अजून तसाच आहे.

डिस्क मेली होती यावर माझा विश्वास नाही. ती विकली गेली असणार. कोणी मुंबईत वापरलेली ५०० जीबीची लॅपटॉप डिस्क घेतली असेल आणि तिच्यात, किंवा पुसलेला डेटा परत काढताना, "काटा" नावाचा फोल्डर आणि आत गिऱ्हाईकांच्या नावांनी फाइली दिसल्या, तर कृपा करून तिच्यावर काही लिहू नका, मला कळवा. नव्या डिस्कची पूर्ण किंमत देईन. कुठून आणली, हे विचारणार नाही.