मिरजेतली टाचेच्या रक्ताची तपासणी : सी८ घ्या, एका बदलाची जनुक चाचणी नको

मिरजेतल्या एका कलेक्शन सेंटरवर नवजात बाळाच्या टाचेचं रक्त घेतात, मशीन बाहेरगावी. पॅकेजमध्ये बरेच आजार आहेत, हा रिव्ह्यू एमसीएडी या एन्झाइमच्या कमतरतेपुरता. पहिल्या गुणसूत्रावरच्या एसीएडीएम जनुकापासून बनणारं हे एन्झाइम ६ ते १२ कार्बनची फॅटी ॲसिडं तोडतं. जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या की उपाशी बाळाला चरबीतून ताकद मिळत नाही. साखर झपाट्यानं उतरते आणि लघवीत किटोनही (चरबी तुटताना बनणारे पदार्थ) हवे तितके दिसत नाहीत. एरवी बाळ ठणठणीत. हा आजार टाचेच्या रक्तातल्या सी८वरून हेरतात : सी८ म्हणजे ८ कार्बनचं ॲसिलकार्निटीन (कार्निटीनला जोडलेलं फॅटी ॲसिड), आजारात त्याचा आकडा वाढतो.

रक्त घेण्यात हात सफाईदार. टाच शेकतात, स्पिरिट वाळू देतात, मधोमध न टोचता कडेला टोचतात, पहिला थेंब पुसतात. मग मोठा थेंब, कार्डाच्या एकाच बाजूनं, एका गोलात एकदाच. थेंबावर थेंब चढवला की आकडा खोटाच वाढतो. टाच पिळली तर रक्त पातळ होतं. कार्ड उलटून बघा, गोल मागेही सारखे भिजलेले हवेत.

घोळ वाळवण्यात. कार्ड आडवं, कशाला न टेकता, सावलीत किमान ३ तास राहायला हवं. इथं दुपारचं कुरिअर गाठायच्या नादात ओलसरच पाकिटात जातं. पावसाळ्यात कृष्णाकाठच्या हवेत ३ तासही पुरत नाहीत, आणि मे महिन्यात शनिवारचं कार्ड रविवारभर तापत पडतं. दमट उष्णतेत ॲसिलकार्निटीन मोडतात, म्हणजे आजारी बाळाचाही आकडा उतरू शकतो. सकाळी लवकर नमुना द्या. पण वार बघण्याच्या नादात जन्मानंतरचे २४ ते ७२ तास चुकवू नका. दूध नीट लागलं की सी८ खाली यायला लागतो.

फॉर्मवर एक खास आपल्याकडची चूक होते. पहिलं बाळंतपण माहेरी, नंबर सासरचा. पुन्हा नमुना हवा म्हणून फोन जातो पिंपरीला, बाळ तासगावात. आईचाच मोबाइल लिहा, आणि नाव हॉस्पिटलच्या फाइलवर आहे तसंच. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल, एमसीटी (मध्यम लांबीच्या फॅटी ॲसिडांची चरबी) घातलेलं दूध किंवा सलाइनमधून पोषण चालू असेल तर तेही लिहा. त्यानं सी८ वाढलेला दिसू शकतो.

रिपोर्ट मात्र चोख. नुसता सी८ नाही, सी८ आणि सी१० (१० कार्बनचं ॲसिलकार्निटीन) यांचं गुणोत्तरही देतात. संशय आला तर दुसरा नमुना आणि लघवीतलं हेक्झानॉइलग्लायसिन (न तुटलेल्या फॅटी ॲसिडापासून बनणारा, या आजारात वाढणारा पदार्थ) बघतात.

पैसे वाया जातात ते ‘जनुक चाचणी’ या जोड-पॅकेजवर. त्यात जनुकाच्या अक्षरांत ९८५व्या जागी ए ऐवजी जी, एवढा एकच बदल शोधतात. तो मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांतला; आपल्या बाळात तो सापडला नाही म्हणून काहीच सुटत नाही. सी८ वाढलेला असेल तर १२ एक्सॉनचं (एक्सॉन म्हणजे जनुकाचे कामाचे तुकडे) पूर्ण जनुक वाचून घ्या, आई-वडिलांचं रक्तही द्या. मामाच्या मुलीशी लग्न झालेलं असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, लाजायचं कारण नाही. दोघंही वाहक (एकच प्रत बिघडलेले) निघाले तर प्रत्येक गरोदरपणी धोका चारात एक.

संशयाचा रिपोर्ट व्हॉट्सॲपवर येतो, सोबत सूचना एकही नाही. पक्कं निदान होईपर्यंत नवजात बाळाला दर २-३ तासांनी पाजा, रात्रीही उठवून. उलट्या झाल्या किंवा बाळानं दूध सोडलं तर घरी वाट न बघता हॉस्पिटल गाठा आणि हाच रिपोर्ट दाखवून डेक्स्ट्रोजचं (साखरेचं) सलाइन लावायला सांगा.